घोड्याच्या शेपटीवरचं भोक

वरळी
१४ नोव्हेंबर २०२५

कसला स्वार आणि कसली लढाई? त्या पत्र्याला भोक पाडलंय ते माझ्या बापानं. खिळा आणि हातोडी घेऊन, चाळीतल्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून. आमच्या घराण्यात घोड्यावर कुणी बसलं असेल तर ती माझी नात संघमित्रा. चौपाटीवर, पैसे देऊन. ती पण रडून खाली उतरली.

आता जय भीम. मी कमलाबाई बनसोडे. ऐंशीला टेकलेय. म्युनिसिपालटीच्या शाळेत तिसरीपर्यंत गेले, तेवढ्यावर हे लिहितेय, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नका. फोन केला नाही, कारण फोनवर मला कमी ऐकू येतं आणि समोरच्याला माझं जास्त ऐकू येतं.

रविवारी संघमित्रानं पेपर पुढं धरला. दादरला तुमचं प्रदर्शन लागलंय, ‘वाळूत हरवलेलं शहर’. तुम्ही रिटायर झालेले साहेब, ठाकूरद्वारचे, कानाला काय ते लावून यंत्रानं चौपाटीची वाळू हुंगता आणि जुनी नाणी, अंगठ्या काढता. चांगलं आहे. ह्या वयात पुरुषमाणूस घराबाहेर असलेला बरा. पण खाली फोटो आमच्या देवाच्या पत्र्याचा, आणि त्याखाली तुमचं कार्ड छापलंय: ‘खंडोबाचा चांदीचा टाक, अठरावे शतक. शेपटीजवळच्या छिद्रावरून तो एखाद्या स्वाराने लढाईत छातीवर तिरका बांधला असावा. पुढे समुद्रात हरवला असावा.’

दोन ‘असावा’. दोन्ही खोटे.

तो पत्रा माझा बाप बुधाजी ओव्हाळ ह्याच्या देव्हाऱ्यातला. फलटणकडून मुंबईला मिलमध्ये आला तेव्हा बरोबर आणलेला. छपन्न साली आम्ही धम्म घेतला, तेव्हा घरातले सगळे देव दादरच्या समुद्रात सोडले. हा मी स्वतः फेकला. ह्या हातानं. तेव्हा मी अकरा वर्षांची होते. हरवायला मी काय वेंधळी होते?

सहा डिसेंबरला आमची सगळी माणसं दादरला येतात. हजारो लोक तुमच्या हॉलवरून जातील, काही आत पण येतील. त्यांनी हे वाचायचं? त्याच्या आत कार्ड बदला. ‘हरवला’ काढा.

कमलाबाई बनसोडे


ठाकूरद्वार
२० नोव्हेंबर २०२५

आदरणीय कमलाबाई,

सप्रेम नमस्कार. प्रदर्शनाला आजवर आलेल्या पत्रांत तुमचं सर्वांत रोखठोक. बाकीच्यांनी विचारलं आहे ते एवढंच, की यंत्र केवढ्याला मिळतं.

मी विमा कंपनीतून निवृत्त झालो आणि हा नाद लागला. किल्ल्यांवर मी जात नाही. तिथे परवानगीशिवाय यंत्र नेता येत नाही, आणि माझे गुडघे तर परवानगीनेही नेत नाहीत. म्हणून आपली चौपाटी. पहाटे ओहोटी पाहून जायचं, कानाला हेडफोन लावायचे, चकती वाळूवरून फिरवायची. दहा वेळा यंत्र वाजलं तर नऊ वेळा बाटलीचं बूच. दहाव्यांदा जे निघतं, त्यासाठी माणूस पुन्हा जातो. हा टाक गेल्या एप्रिलमध्ये दादरच्या चौपाटीवर हातभर खोल मिळाला. काळाठिक्कर होता, मला आधी बिस्किटांच्या डब्याचं झाकण वाटलं.

तुमची हकिगत मी दोनदा वाचली. परंतु एक अडचण समजून घ्या. छिद्र पाडलेले टाक इतरही सापडतात. खंडोबा तर घरोघरी. फोटोवरून ओळख पटवण्यात चूक होऊ शकते, तीही इतक्या वर्षांनी. म्हणून विनंती करतो, राग मानू नये. त्या टाकाच्या मागच्या बाजूला एक खूण आहे. ती पेपरातल्या फोटोत दिसत नाही. ती काय, हे तुम्ही सांगू शकाल का?

आणि जर तो तुमचाच निघाला, तर मला मनापासून आनंद होईल. तुमचा देव इतक्या वर्षांनी घरी परत यावा, ही त्याचीच इच्छा म्हणायची. रेशमी वस्त्रात बांधून मी स्वतः वरळीला घेऊन येईन.

आपला,
मनमोहन त्रिलोकेकर


वरळी
२५ नोव्हेंबर २०२५

परीक्षा घेता होय माझी? तिसरीनंतर कुणी घेतली नव्हती. घ्या.

मागे दोन फुगवटे आहेत, हरभऱ्याएवढे. भोकाच्या शेजारी. बापानं खिळा तीन वेळा ठोकला. दोनदा नुसता दबला, तिसऱ्यांदा पार गेला. मिलमध्ये तो कापड विणायचे साचे चालवायचा, हात असा की तुटलेला धागा न बघता जोडायचा. पण त्या दिवशी त्याला एक भोक नीट पाडता येईना.

का, ते पण लिहिते, नाहीतर पुढच्या पत्रात अजून एक स्वार आणाल. माझा धाकटा भाऊ दीड वर्षांचा होता. ताप उतरेना. डॉक्टर म्हणाला हॉस्पिटलात न्या, म्हातारी आजी म्हणाली देव गळ्यात बांधा. दोन्ही केलं. बापानं पत्र्याला भोक पाडलं. देवाच्या डोक्यात कसं पाडणार, म्हणून घोड्याच्या शेपटीवर पाडलं. म्हणून तो तिरका लटकायचा. त्यात तलवारीचा काही संबंध नाही.

भाऊ गेला. पत्रा गळ्यातून काढून परत देव्हाऱ्यात ठेवला. आई रोज हळद वाहायची. बाप त्याच्याकडे बघायचा पण नाही. तसा तो भित्रा माणूस. मिलमधल्या जॉबरला भ्यायचा, भाडं मागायला येणाऱ्याला भ्यायचा, आजीला तर सगळ्यात जास्त. पण छपन्न साली धम्म घेऊन आला, उपरण्यात पाचही देव बांधले आणि आईला म्हणाला, चल. आजी उंबऱ्यात आडवी बसली. तिच्या बाजूनं निघाला. आयुष्यात एकदाच मी त्याला न घाबरता चालताना बघितलं.

दादरला चार त्यानं फेकले. हा आईनं मुठीत धरला होता, सोडेना. बाप तिच्यावर ओरडला नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, “कमळे, तू फेक. तुझा भाऊ होता.” मी आईची बोटं एकेक करून उघडली आणि फेकला. लाटेनं परत आणून पायाशी टाकला. मी परत फेकला, गुडघाभर पाण्यात जाऊन. तेव्हा गेला. आणि आता तुम्ही यंत्र लावून बाहेर काढलात आणि म्हणताय देवाची इच्छा!

साहेब, माणूस शुद्धीत राहून, पोरगं पुरून झाल्यावर, पाण्यात उतरून एखादी वस्तू सोडतो. त्याला तुम्ही ‘हरवली’ म्हणता. मग माझ्या बापानं काय केलं? काहीच नाही. खिशाला भोक होतं म्हणून पडला.

रेशमी वस्त्र तुमच्याकडेच राहू द्या. देव घरी आणायचा नाही. ज्या घरातून तो गेला, तिथंच तो वाजतगाजत परत आणला तर बाप फोटोतून उतरून चालायला लागेल. मला फक्त कार्ड पाहिजे. सहा तारखेला मी आणि माझी मैत्रीण सुंदराबाई दादरला येणारच आहोत. हॉलमध्ये येऊन वाचू. सुंदराबाईला वाचता येत नाही, मी मोठ्यानं वाचेन.

कमलाबाई


ठाकूरद्वार
१ डिसेंबर २०२५

आदरणीय कमलाबाई,

दोन फुगवटे आहेत. तुमचं पत्र हातात घेऊन मी त्यांवरून बोट फिरवलं. स्वार मी परत घेतो. क्षमस्व.

नवं कार्ड आजच लावलं आहे: ‘खंडोबाचा टाक. गिरणगावातील एका गरीब शोषित कुटुंबाने पुत्रशोकाच्या दुःखावेगात सागराला अर्पण केलेला हृद्य ठेवा.’ तुम्हाला आवडेल अशी आशा आहे. तुमच्या भावाचं नाव कळवलंत तर तेही घालता येईल. लोकांच्या काळजाला ते अधिक भिडेल.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. सहा तारखेला प्रत्यक्ष टाक तिथे पाहायला मिळणार नाही, काचेच्या पेटीत फोटो असेल. सुरक्षिततेचा प्रश्न आहे. गैरसमज नसावा.

आपला,
मनमोहन त्रिलोकेकर


वरळी
८ डिसेंबर २०२५

पत्रा कुठाय?

आधी ते सांगा, मग कार्डाचं बोलू. नको, कार्डाचं पण आत्ताच बोलते. दोन्हीचा राग सारखाच आहे.

सहाला सकाळी आम्ही दोघी रांगेत उभ्या राहिलो, बाबासाहेबांना वंदन केलं, मग तुमच्या हॉलमध्ये आलो. पंख्याखाली बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, ते चांगलं केलंत. मी कार्ड मोठ्यानं वाचलं. ‘हृद्य ठेवा’ आल्यावर सुंदराबाई म्हणाली, “हे काय, मिठाईचं दुकान आहे काय ग?” बाजूची माणसं हसली.

दुःखावेगात नाही. भाऊ गेला त्याला तेव्हा चार वर्षं झाली होती. चार वर्षांत आवेग राहतो होय? बापानं विचार करून सोडला. आणि अर्पण तर मुळीच नाही. अर्पण म्हणजे देवाला देणं. आम्ही देवच फेकून दिला, कुणाला देणार अर्पण? गरीब होतो ते खरं, पण ते कार्डावर कशाला? तुमच्या बाकीच्या नाण्यांखाली ‘श्रीमंत माणसाच्या खिशातलं’ असं कुठं लिहिलंय?

भावाचं नाव मिळणार नाही. तुमच्या कार्डावर लोकांच्या काळजाला भिडायला तो जन्मला नव्हता.

आता पत्रा. पेटीत फोटो. सुरक्षिततेचा प्रश्न म्हणे, आणि शेजारच्या पेटीत सोन्याची मोहर उघड ठेवलीत, तिला चोर भीत असणार. मी तिथल्या पोरीला विचारलं, ती अक्षता. गोड आहे, खोटं बोलायला अजून शिकली नाही. म्हणाली, “आजी, टाक काकांच्या घरी आहे. काकी देत नाहीत.” आणि लगेच जीभ चावली.

काकी देत नाहीत म्हणजे काय? तुमच्या बायकोनं गळ्यात घातलाय? विकलात? मोडीत घातलात? मला तो नकोच आहे, पण नको असलेली वस्तू कुठं आहे ते कळायला नको? खरं लिहा. साहेबी भाषेत नको, साध्या.

कमलाबाई


ठाकूरद्वार
१५ डिसेंबर २०२५

कमलाबाई,

साध्या भाषेत लिहितो.

टाक आमच्या देव्हाऱ्यात आहे. माझी पत्नी ऊर्मिला गेली तीन वर्षं हळूहळू सगळं विसरते आहे. आधी चाव्या, मग रस्ते, मग माणसं. मुलाला ती माझा भाऊ समजते. मला कधी ओळखते, कधी “तुम्ही कुणाकडे आलात?” असं विचारते. अगदी अदबीने विचारते. तेच सहन होत नाही.

एप्रिलमध्ये टाक धुऊन मी टेबलावर वर्तमानपत्रावर ठेवला होता. अंघोळ करून आलो तर टेबल रिकामं. ऊर्मिला देव्हाऱ्यापुढे बसली होती. टाक तिने मध्यभागी ठेवला होता, त्याला फूल वाहिलं होतं. मला म्हणाली, “सासूबाईंचा खंडोबा सापडला बरं का.” आमच्या घरात खंडोबा कधीच नव्हता. पण तिला नाव आठवलं, सासूबाई आठवल्या. मी म्हटलं, “हो, सापडला.”

तेव्हापासून रोज सकाळी ती त्याला आंघोळ घालते आणि त्याच्याशी बोलते. आमच्याशी अडखळते, त्याच्याशी नाही. ठाकूरद्वारच्या जुन्या भाजीवाल्यांपासून तिच्या माहेरच्या मांजरांपर्यंत सगळं सांगते. मी दाराआड उभा राहून ऐकतो. चाळीस वर्षांच्या संसारात मला न सांगितलेल्या गोष्टी मला तिथे कळल्या.

पाच तारखेला, तुम्ही येणार म्हणून, मी तो काढून हॉलवर नेला होता. दुपारी मुलाचा फोन आला. ऊर्मिलाने सगळी कपाटं उपसली होती, तांदळाचा डबा ओतला होता, आणि म्हणत होती, “मी हरवला, मी हरवला.” मी टॅक्सी करून परत आणला. तुम्हाला ‘सुरक्षितता’ लिहिलं ते आधीच, कारण मला भीती होती की हेच होणार. तरी एकदा नेऊन पाहिला.

तुम्हाला हे आधी का नाही सांगितलं? तुमचं दुसरं पत्र वाचलं आणि लाज वाटली. तुमच्या वडिलांनी जे घराबाहेर काढलं, ते मी माझ्या देव्हाऱ्यात बसवलं, तेही खोटं सांगून. ते तुम्हाला कसं लिहायचं, हे मला कळलं नाही.

आता तुम्ही म्हणाल तसं. वस्तू तुमची आहे. तुम्ही म्हणालात आणून द्या, तर आणून देईन. म्हणालात पुन्हा समुद्रात सोडा, तर तेही करेन. ऊर्मिलाला काय सांगायचं ते माझं मी पाहीन. प्रदर्शन एकतीसला संपतंय. कार्ड काढून कोरं ठेवलं आहे. त्यावर काय लिहायचं ते तुमच्या शब्दांत पाठवा. मी एकही शब्द बदलणार नाही.

मनमोहन


वरळी
२२ डिसेंबर २०२५

साहेब, तांदळाचा डबा ओतला तर चाळून भरा. त्यात खडे जातात, दातांचं वाटोळं होतं.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. मग संघमित्राला दिलं. ती डोळे पुसायला लागली, मी तिला चहा करायला पाठवली. रडून काय होतंय.

तुम्ही लिहिलंय, वस्तू तुमची आहे. तिथं तुम्ही अजून चुकताय. ती माझी नाही. बापानं सोडली त्याच दिवशी आमची राहिली नाही. आज मी हात पुढं करून म्हटलं, द्या माझी वस्तू, तर बापानं सोडलं ते खोटं ठरेल. मग तुमचं पहिलं कार्ड खरं, हरवला होता आणि म्हातारीला सापडला. आणि परत समुद्रात सोडायला लावलं तरी तेच. आपल्या मालकीचं असतं तेच माणूस सोडतो. आम्ही एकदा सोडलंय. पुरे.

तेव्हा पत्रा तुमच्या बायकोकडे राहू दे. उपकार म्हणून नाही. मला त्या देवाचं काही पडलेलं नाही. माझ्या भावाच्या वेळी तो काही कामाला आला नाही, तुमच्या बायकोच्या कामाला येत असेल तर त्याला उशिरा का होईना काम मिळालं म्हणायचं. एक मात्र माझ्या मनात येतं आणि हसू येतं. छपन्न साली माझा बाप ठाकूरद्वारच्या तुमच्या घरात आला असता तर जिन्याखालीच थांबवला असता. आणि त्याच्या घरातला देव आता तुमच्या देव्हाऱ्यात मधोमध बसून रोज आंघोळ करून घेतोय. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, तुम्ही तेव्हा लहान असाल. पण हसू येतं.

आता माझ्या अटी.

बाईला खोटं सांगायचं नाही. सासूबाईंचा म्हणून नाही. सांगा की हा बुधाजी ओव्हाळांच्या घरातला, त्यांनी सोडला, मला वाळूत मिळाला. ती विसरेल. परत सांगा. तुम्हाला काय घाई आहे, रिटायर झालाय. तरी ती सासूबाईंचा म्हणाली तर म्हणू द्या, तिच्या तोंडाला हात लावू नका. पण तुमच्या तोंडून खरं निघालं पाहिजे.

आणि कार्ड. हे लिहा, आहे तसं:

‘खंडोबाचा पत्रा. मिलमधले कामगार बुधाजी ओव्हाळ यांच्या घरातला. घोड्याच्या शेपटीवरचं भोक त्यांनी आजारी मुलासाठी पाडलं. मुलगा गेला. पुढे त्यांनी बुद्धाचा धम्म घेतला आणि १९५६ साली, पूर्ण शुद्धीत, हा मुलीच्या हातानं दादरच्या समुद्रात सोडला. हरवलेला नाही.’

एकतीसला हॉल बंद झाला की हे कार्ड घरी न्या आणि देव्हाऱ्यात पत्र्याच्या मागे उभं करा. लागलं तर प्लॅस्टिकमध्ये घाला, तेलाचे डाग पडतात. उद्या तुम्ही राहणार नाही, मी तर आधीच जाणार. पत्रा ज्याच्या हातात जाईल त्याच्या हातात कार्ड पण गेलं पाहिजे. एकट्या पत्र्याला बाहेर सोडलं की लोक त्याच्यावर लगेच स्वार बसवतात, तुम्ही बघितलंत.

हे झालं तुमचं. आता बाईंचं.

तुम्ही दाराआड उभं राहून ऐकता ते मला आवडलं नाही. आत जाऊन बसा. हाकलेल फार तर. अदबीनं विचारेल कुणाकडे आलात, तर सांगा, तुमच्याकडेच आलोय. त्यात खोटं काय आहे?

आणि तिला विचारा, त्या पत्र्याच्या घोड्याला डोळा आहे का. मी लहान असताना रोज बघायचे, पण आता आठवत नाही डोळा एक होता की नुसतीच रेघ होती. फोटोत दिसत नाही. संघमित्रा म्हणते मोठा फोटो मागव. फोटो नको. रोज जी त्याला पुसते तिनं सांगावं.

अजून एक. माझ्या भावाचं नाव मी तुम्हाला दिलं नाही आणि देणार नाही. बाप गेला, आई गेली, आता ते नाव माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. आई मरेपर्यंत मी ते तिच्यासमोर घेतलं नाही, नंतर घ्यायला कुणी राहिलं नाही. पण तुमच्या बायकोनं विचारलं तर मी तिला लिहीन. ती ते पत्र्याला सांगेल आणि विसरून जाईल. परत विचारेल, मी परत लिहीन. ते बरं वाटतं. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही छापाल.

तेव्हा ह्या पत्राला उत्तर तुम्ही द्यायचं नाही. बाईंनी द्यायचं, स्वतःच्या हातानं. दोन ओळी लिहू दे, वाकड्या लिहू दे, मध्येच मांजराचं लिहिलं तरी चालेल. तुम्ही फक्त पाकिटावर पत्ता घाला आणि तिकीट चिकटवा.

कमलाबाई